चौकशी चालू होती

मला त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न भाकरीचा होता. कर्जतच्या लाइटच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून मी हजर झाले, तो पहिला दिवस. बार्शीहून बॅग घेऊन थेट आले होते, राहायची सोय अजून लागायची होती, आणि टेबलासमोर खाकी शर्टातला एक किडकिडीत, पिकल्या मिशांचा माणूस येऊन उभा राहिला. काही लागलं तर सांगा, असं काहीतरी म्हणेल म्हणून मी चेहरा तयार ठेवला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्याकडं ज्वारीची भाकरी. ती पानी लावून उलटतात का कोरडीच?"

"पाणी लावून."

"आन् फुगते?"

"फुगते की."

"मंग आमच्या तांदळाच्या भाकरीसारखीच हाय," असं म्हणून ते समाधानानं निघून गेले. त्यांच्याकडं कामाचा कागद सही करायला होता, तो तसाच हातात घेऊन गेले. दुपारी परत आले तेव्हा मला वाटलं, सहीसाठी आले असतील. पण माझे वडील दुपारी झोपतात का, हे विचारायचं राहिलं होतं.

ऑफिसातली पोरं त्यांना पाठीमागं 'जनगणना' म्हणत. तोंडावर काका. मीही काकाच म्हणायला लागले. सगळी नोकरी त्यांनी कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातच काढली होती, आणि इथं असं घर शोधून सापडलं नसतं ज्याच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी काहीतरी विचारलं नव्हतं. म्हैस व्यायली का. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात टिकलाय का सोडलं. भिंतीवरचा फोटो कुणाचा. ही वायर कुठं चाललीय. म्हैस, मुलगा, फोटो, वायर, सगळं एकाच सुरात. त्यामुळं वायरीचा प्रश्न आलेला माणसाच्या लक्षातच यायचा नाही, आणि तो खरं सांगून मोकळा व्हायचा. चोरून टाकलेले आकडे त्यांनी कधी जप्त करून आणलेले मी पाहिले नाहीत. पण ते गेल्यावर लोक स्वतःच काढून ठेवायचे.

इतर वायरमन मोटारसायकलवर फिरत. हे पायी. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाडी खांबापाशी थांबते. दारापाशी कुठं थांबते?" फीडरची, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाइनीची, तपासणी दोन तासांत व्हायची तिथं त्यांना अख्खा दिवस लागायचा, आणि संध्याकाळी मी विचारायची, "काका, लाइन कशी आहे?" की ते सांगायचे, "लाइन बरी हाय. पाटलांच्या सुनेला दिवस गेल्यात." मी वैतागायची. माझ्या तक्त्यात सुनेचा रकाना नव्हता.

एकदा तर मुंबईहून एका फार्महाऊसवाल्या साहेबांचा फोन आला. भयंकर चिडलेले. "तुमचा माणूस मीटर बघायला आला आणि फ्रिजमध्ये काय ठेवता, ते विचारून गेला! ही काय पद्धत आहे?" मी काकांना बोलावून घेतलं. ते अजिबात ओशाळले नाहीत.

"मॅडम, बंगला शनिवार-रविवारी उघडतो. फ्रिजमध्ये मटण-मच्छी असली तर लाइट गेल्या गेल्या फोन येनार. नुसत्या पान्याच्या बाटल्या असल्या तर सोमवारपर्यंत कोन इचारत नाय. आपल्याला आधी कुठं पळायचं ते कळायला नको?"

"पण असं कुणाच्या घरात डोकावून..."

"डोकावलो कुठं? इचारलं. इचारायला काय मीटर लागत नाय."

पुन्हा असं करू नका, असं मी त्यांना बजावलं. पुढं मात्र माझ्या लक्षात यायला लागलं, की शनिवारी लाइट गेली की आमच्या ऑफिसचे फोन कोणत्या क्रमानं वाजतील, हे काकांना आधीच ठाऊक असतं.

त्यांची एक दुसरी बाजूही होती, ती मला फार उशिरा दिसली. त्यांना काही विचारलं की उत्तर मिळायचं नाही. मुलं किती, असं मी विचारलं. "तुमी किती भावंडं?" कुठं राहता? "तुमची खोली पश्चिमेला ना, दुपारी तापत असंल?" एकाच्या बदल्यात दोन प्रश्न हातात यायचे आणि माणूस त्यांची उत्तरं देत बसायचा. नेरळच्या बाजूला कुठंतरी घर आहे, बायको आहे, याच्यापलीकडं ऑफिसात कुणालाच काही माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुणी खोदून विचारलंही नव्हतं.

करोनाची दुसरी लाट अजून पुरती ओसरली नव्हती आणि पावसाला अवकाश होता, तेव्हा ते वादळ आलं. समुद्र आमच्यापासून लांब, म्हणून आम्ही जरा निर्धास्त होतो. वाऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. एका दिवसात खांब भाताच्या खाचरांत आडवे झाले, आंबे-फणस तारांवर पडले, मोबाइलचे टॉवर बंद. गावंच्या गावं मुकी झाली. नळयोजनेचे पंप बंद पडल्यामुळं बायका वर्षानुवर्षं वापरात नसलेल्या विहिरींवर दोर घेऊन निघाल्या.

आमची माणसं पुरणार नव्हती, म्हणून बीडकडून आठ जणांची एक टोळी ट्रकनं आली. बंद असलेल्या एका शाळेत त्यांना उतरवलं. गावकरी त्यांच्याजवळ जायला घाबरत होते. परजिल्ह्यातली माणसं, काय घेऊन आली असतील कोण जाणे. काका पहिल्याच सकाळी शाळेच्या व्हरांड्याखाली उभे राहिले आणि मास्कमधून एकेकाला मुलांची नावं विचारायला लागले. कितवीत आहे, ऑनलाइन शाळा जमते का, मोबाइल कुणाचा वापरतो. त्यांचा मुकादम दणकट, अबोल माणूस होता. तोही तिसऱ्या प्रश्नाला हसला.

त्या दिवसांत काकांचे फार हाल चालले होते, हे मला आता कळतं. दारं बंद. कुणी ओट्यावर घेईना. फाटकाबाहेर उभं राहून ओरडून विचारायचं म्हटलं तर म्हैस व्यायली का, हे ओरडून कसं विचारणार? पण विचारायचं तर होतंच, कारण वादळानंतर आमच्या धंद्यात एक भीती असते, आणि ती तारेतून येत नाही, घरातून येते. लाइट नसली की लोक जनरेटर आणतात. घर खांबापासून न तोडता तो सरळ घराच्या बोर्डात जोडला, की त्याची वीज उलटी निघते. घरातून खांबावर, खांबावरून डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि डीपीतून उलट्या दिशेनं जाताना ती वाढून हजारो व्होल्ट होते. लांब कुठंतरी खांबावर बसलेला माणूस मेलेली तार समजून तिला हात लावतो.

यावर उपाय आहे. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार साखळीनं जमिनीला जोडून ठेवायची, म्हणजे कुठूनही वीज आली तरी मातीत जाते. पण एका वेळी सहा ठिकाणी कामं चालू होती आणि साखळ्या तेवढ्या नव्हत्या. सबस्टेशनच्या बाजूला साखळी लावायची आणि पुढच्या बाजूला 'तिकडं नुसता फाटा आहे, लाइनीची फुटलेली शेवटची फांदी, तिकडून काय येणार' असं म्हणून वर चढायचं, असं आम्ही करत होतो. म्हणजे मी करू देत होते.

चौथ्या दिवशी कडावच्या पुढच्या एका फाट्याचं काम संपत आलं होतं. त्यावर तीन वाड्या. मोडलेला खांब उभा राहिला होता, दोन गाळे, म्हणजे तीन खांबांमधली, तार ओढून जोडायची राहिली होती. काकांचं काम एवढंच, की फाट्यावरच्या घरांतून फिरून सगळं साफ आहे, असं येऊन सांगायचं. सकाळी अकराला ते आले.

"मॅडम, एक राह्यलाय."

"एक काय?"

त्यांनी सांगितलं ते असं. शिळफाट्याला एक मांडव डेकोरेटर आहे, त्याच्याकडं लग्नांचे जनरेटर. लग्नं बंद, म्हणून वादळानंतर त्यानं ते भाड्यानं द्यायला काढले. काका आदल्या दिवशी त्याच्याकडं जाऊन आले होते. कामासाठी नव्हे, त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, ते विचारायला. बोलता बोलता तो म्हणाला, "वायरमन, तुमच्या कडावच्या साइडला सहा गेले माझे." काकांनी पाच शोधले होते. चार फार्महाऊसवर, एक पोल्ट्रीवर. पाचही ठिकाणची जोडणी खांबापासून नीट तोडून दिली होती.

"सहावा ह्याच फाट्यावर असेल कशावरून?" मी म्हटलं.

"नसंल तर बराच हाय."

आणि ते निघून गेले. बीडची पोरं खांबाखाली सावलीला बसली. वरून फोन यायला लागले, म्हणजे माणूस मोटारसायकलवर निरोप घेऊन यायला लागला, कारण फोन चालत नव्हते. संध्याकाळच्या अहवालात हा फाटा चालू दाखवायचा होता. बारा वाजले. साडेबारा. रस्त्यावर गावातली माणसं जमली. एक बाई रिकामी कळशी घेऊन माझ्यासमोर नुसती उभी राहिली.

मी काकांना शोधायला निघाले. ते विहिरीवर होते. काठाला टेकून बसलेले, अंतर राखून, आणि पाणी शेंदणाऱ्या बायकांना विचारत होते, "हा दोर कुनाचा गं? नवा दिसतो." "तुमी किती खेपा करता सकाळी?" "आन् वरच्या आळीतल्या कोन कोन येतात?"

माझा तोल गेला. सगळ्या बायकांसमोर मी त्यांना बोलले. वयाचा मान न ठेवता बोलले. आठ माणसं बसून आहेत, तीन वाड्या पाण्यावाचून आहेत, आणि तुम्ही इथं दोराची चौकशी करत बसलाय, असलं काहीतरी. ते उठून उभे राहिले. राग नाही, काही नाही. "मॅडम, धा मिन्टं," एवढंच म्हणाले.

मी परत आले आणि मुकादमाला सांगितलं, "चढवा पोरं."

मुकादम उठला नाही. "मॅडम, काका व्हय म्हणल्याबिगर पोरं वर जाणार न्हाईत."

"इथं कोण साहेब आहे?"

"साहेब तुमीच. पण ज्या माणसानं माझ्या लेकीचं नाव इचारून ध्यानात ठिवलंय, त्यो मला उगं थांबवणार न्हाई."

मला त्या वेळी तो उद्धटपणा वाटला. मी खांबापासून लांब जाऊन उभी राहिले. दीड वाजता काका आले. शर्ट घामानं चिकटलेला, खांद्यावर सर्व्हिस वायरचं एक वेटोळं.

"करा सुरू," ते म्हणाले.

"काय सापडलं?"

"काय नाय. एका घराची वायर सडल्याली होती. उतरवून ठेवली."

चारच्या सुमाराला फाटा चालू झाला. वाडीतून ओरडा ऐकू आला, नळयोजनेचा पंप घरघरला, माणसं हसायला लागली. मला मात्र आनंद झाला नाही. अडीच तासांचा उशीर माझ्या नावावर लागला होता, आणि वरून कारण विचारलं गेलं तेव्हा मी ते कारण काकांच्या नावानं खाली ढकललं. मेमो काढला. 'कामात विनाकारण विलंब केल्याबद्दल खुलासा करावा.' त्यांनी दुसऱ्या दिवशी खुलासा आणून दिला. कागदावर एकच ओळ होती: 'उशिराचे कारण, चौकशी चालू होती.'

ऑफिस आठवडाभर हसलं. मीही हसले. कागद त्यांच्या फायलीला लागला, आणि चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. करोनामुळं निरोपाचा कार्यक्रमही झाला नाही. त्यांनी पकड, टेस्टर आणि हातमोजे जमा केले, माझ्या वडिलांची तब्येत विचारली आणि चालत गेले.

दिवाळीच्या आसपास एक बाई ऑफिसात आली. तिशीतली, कडेवर मूल. मीटर नवऱ्याच्या नावावर करायचं होतं. कागद देऊन झाल्यावर ती घुटमळली. "ते वायरमन कुठं हायत? मिशीवाले?"

निवृत्त झाले, असं मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिनं, का कोण जाणे, सगळं मलाच सांगितलं.

तिचं घर त्याच फाट्यावर, डीपीला अगदी लागून. पुढं वस्तीकडं जाणाऱ्या तारा आंब्याखाली तुटून पडल्या होत्या, म्हणजे त्या डीपीला जोडलेलं तेवढं एकच घर उरलं होतं; तिथून उलटी वीज निघाली असती, तर दुसऱ्या घरांत न वाटली जाता सगळी वरच गेली असती. नवरा गुजरातमध्ये अडकलेला. घरात ती, लहान मूल आणि सासरा. सासऱ्याची आयुष्यभराची नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात धुरात गेली होती. फुप्फुसं संपली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, ते विजेवर चालायचं. करोना नव्हता. पण त्या दिवसांत खोकणारा म्हातारा आणि नाकात नळी हे कुणी बघितलं असतं, तर गावानं तिला विहिरीवरही येऊ दिलं नसतं. म्हणून दोन महिने तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. वादळात मशीन बंद पडलं, पहिली रात्र घरातल्या सिलिंडरवर काढली, सिलिंडर संपत आला, तेव्हा तिनं मंगळसूत्रातले दोन सोन्याचे मणी गहाण ठेवून शिळफाट्याहून जनरेटर मागवला. आणणाऱ्यानं तो गोठ्यात, पेंढ्याच्या आड ठेवला, घाईघाईत बोर्डात जोडला आणि गेला. आधी मेन स्विच खाली करायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला पाच धडधडत होते. सहाव्याचा आवाज वेगळा कुणाला कळणार?

"ते सकाळी फाटकाशी आलते," ती म्हणाली. "जनरेटर हाय का इचारलं. मी नाय म्हटलं. ते गेले. मंग दुपारी परत आले. मला वाटलं, आता परत तेच इचारनार. तर म्हनाले, सूनबाई, पानी कुठनं भरतेस गं?"

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सगळ्या वाडीच्या बाया तीन दिवस इहिरीवर, आन् मी एकदा पन नाय. माज्या बोरचा पंप चालू होता ना, जनरेटरवर. मी रडायलाच लागले."

काका आत आले. सासऱ्याला बघितलं, मशीन बघितलं, बोर्डातली केबल बघितली. तिनं घाबरून जनरेटर बंद करायला हात पुढं केला, तर म्हणाले, "बंद नको करूस. त्यांना श्वास घेऊ दे." मेन त्यांनी खाली केला. ती म्हणाली, झालं ना आता? तर म्हणाले, "मेन वर करायला एक हात पुरतो, आन् तुज्या घरात पोर हाय." आणि बाहेर जाऊन शिडी लावून त्या घराची वायरच खांबावरून उतरवून खांद्यावर टाकली. आत जनरेटर चालू, मशीन चालू, आणि बाहेर घराचा खांबाशी काही संबंध उरला नाही. कुणी विचारलं तर वायर सडली होती म्हणून सांग, असं त्यांनीच तिला पढवलं. दुसऱ्या दिवशी येऊन केबल काढायला लावली आणि मग वायर परत जोडली.

ती गेल्यावर मी काकांची फाइल काढून तो खुलासा पुन्हा वाचला. मी 'चढवा पोरं' म्हटलं होतं. त्या डीपीचा स्विच गंजून जाम झालेला होता, त्यामुळं तिथं काही तोडलेलं नव्हतं. बदलायचा म्हणून कागदही मीच करून ठेवला होता. पुढच्या बाजूला साखळी नव्हती, हे मला माहीत होतं. दोन पोरं वर गेली असती. त्यांची नावंही मला माहीत नव्हती. आणि मी बाईला एवढंसुद्धा विचारलं नाही, की सासरे आता कसे आहेत.

मेमो मागं घेतल्याचं पत्र काढायला मला महिना लागला. निवृत्त माणसाचा मेमो मागं घेऊन काय करणार, असं सगळे म्हणाले. मी भांडून काढलं आणि एका रविवारी सकाळी नेरळच्या अलीकडच्या त्यांच्या गावात विचारत विचारत गेले.

काका घरी नव्हते. काकू होत्या, अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मी ऑफिसातली मॅडम म्हटल्यावर गडबडून उठल्या, खुर्ची आणली, चहा ठेवला. कुठं गेलेत काका?

"काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासनं रोज सकाळी पिशवी घेऊन जातात, जेवायला येतात. कुठं जातात, सांगत नाय. मी पन इचारत नाय."

"विचारत नाही?"

"ते घरात बोलतच नाय वो. लग्न झाल्यापासनं असंच हाय. मीठ हवं असलं तरी हात पुढं करतात."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक होतेय. काका? ऑफिसात त्यांना जनगणना म्हणायचे, असं मी सांगितल्यावर काकूंच्या हातातला वाल तसाच राहिला. "काय इचारायचे ते लोकांना?" असं त्यांनी मला विचारलं, आणि ते विचारताना त्या थोड्या पुढं सरकल्या. मी सांगायला लागले. भाकरीचं सांगितलं, फ्रिजचं सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग वादळाचं सांगितलं. विहिरीचं, सहाव्या जनरेटरचं, मी काय बोलले तेही. मेमो आल्याचं त्यांना माहीत होतं. घरी आणून काकांनी तो देवाच्या फोटोमागं ठेवला होता. का ठेवला, ते सांगितलं नव्हतं.

"मंग तो म्हातारा वाचला का?" काकूंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगत होते तेवढ्यात काका अंगणात आले. हातात कापडी पिशवी. मला बघून थबकले, नमस्कार केला आणि बायको समोर असल्यामुळं असेल, नेहमीसारखं काहीच विचारलं नाही. खांबावरून बोलावून घेतल्यासारखे उभे राहिले.

काकूंनी पाण्याचा तांब्या दिला आणि सरळ विचारलं, "तो कडावकडला म्हातारा वाचला का वो?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. तांब्या अर्धा केला.

"वाचला. त्याच्याकडनंच येतोय."

"रोज तिकडंच जाता?"

"खाटेवर पडून असतो दिवसभर. सून कामाला जाते. त्याला माणूस लागतो. लई इचारत बसतो."

"काय इचारतो?"

काका ओशाळल्यासारखे झाले. "कायबी. पहिल्यांदा खांबावर चढलास तवा भ्यालास का, इचारतो."

"मंग?"

"मंग काय. सांगितलं, भ्यालो."

काकूंनी तांब्या परत घेतला. "चाळीस वरसं झाली आपल्या लग्नाला. मला नाय कदी सांगितलंत."

"तू कदी इचारलंस?"

पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी ते काढणार होते, पण हात तिथंच थांबला. काकूंनी वालाचं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर पायरीवर बसल्या.

"आता इचारते," त्या म्हणाल्या.